भीमराजचं अर्थिंग

गोळा अजून गहिनीनाथरावांच्या हातातच होता आणि तिकडं मशीननं दहाच्या दहा पिना झाडून नेल्या.

गहिनीनाथराव एक पाय पुढं, एक हात मागं, अशा अवस्थेत थिजले. साखर कारखान्याच्या ऑफिसर क्लबचे सेक्रेटरी ते, एकदा पोझ घेतली की त्यांना ती सोडवत नसे. मशीननं बाटलीच्या आकाराच्या दहा नव्या पिना मांडल्या, क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि त्याही झाडून नेल्या.

“भीमराज, मी टाकू का नको?” मान न वळवता त्यांनी विचारलं.

“टाका सायेब, टाका! मशीन जरा अंग मोकळं करतंय.”

रावांनी गोळा सोडला. गुळगुळीत लाकडी पट्टीवरून तो गडगडत गेला, रिकाम्या जागेतून पार झाला आणि मागच्या गादीवर धपकन आदळला. वरच्या बोर्डावर लख्ख दिवे लागले: दहापैकी दहा! राव नाही म्हटलं तरी सुखावले. तेवढ्यात गोळा परत आला, तो उचलायला ते वाकले, लोखंडी दांडीला बोट लागलं आणि ‘चट्’ करून निळी ठिणगी उडाली.

“अगं आई गं! करंट मारतंय हे!” डोक्यावर जे काही मोजके केस होते ते सगळे उभे राहिले होते.

दारात गीताबाई, म्हणजे भीमराजची आई, कमरेवर हात ठेवून हे बघत होती. भीमराजशी ती बोलत नव्हती, म्हणून तिनं सुनेला हाक मारली. “जयमाला, तुझ्या नवऱ्याला सांग. रईवारपातुर बघते. रईवारी त्या नाशिकवाल्यांपुढं ह्या खुळखुळ्यानं असंच केलं, तर सोमवारी हितं कोंबड्या.”

जयमाला नवऱ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तरी तिनं निरोप पोचवला. “अहो, सोमवारी कोंबड्या.”

आता पुणतांबा फाट्यावर बाटल्या पाडायचा हा साहेबी खेळ आला कुठून, हे सांगायलाच हवं. भीमराजचं फाट्यावर मोटारी रिवायंडिंगचं दुकान होतं आणि त्याचा जिगरी दोस्त गनीभाई भंगाराचा व्यापारी. परदेशातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाचं सामान मुंबईच्या भंगारात निघालं, ते गनीभाईनं न बघताच उचललं. खोकी उघडली तर आत दोन मशिनी, बोकांडी बसणारे गोळे, पिनांचा ढीग आणि एका जातीचे बूट. मशीनचं काम साधं. पिना मांडायच्या, गोळ्यानं पडलेल्या फळीनं झाडून न्यायच्या, पुन्हा मांडायच्या. गनीभाई ते किलोवर विकणार होता. पण भीमराजनं मशिनीची मोटर फिरवून बघितली आणि तिथंच त्याचा जीव जडला. आईच्या हातापाया पडून त्यानं तिचं कांद्याचं गोदाम मागून घेतलं, लाकडी पट्ट्या बसवल्या, मागचा पत्रा ठोकला आणि बाहेर पाटी लावली: ‘बोलिंग’. पहिले काही महिने लोक तिथं भाषण ऐकायला येत होते, ही गोष्ट वेगळी.

हळूहळू मात्र खेळ रुजला. कारखान्याचे ऑफिसर येऊ लागले, शिर्डीला निघालेल्या गाड्या थांबू लागल्या. आता तर नाशिकचा एक क्लब कारखान्याशी सामना खेळायला येणार होता. त्यांना जागा आवडली तर दरवर्षी सामने इथंच. नाही आवडली तर गोदाम बन्सीमामाच्या ब्रॉयलर कोंबड्यांना, हे गीताबाईनं भावाला कबूल करून टाकलं होतं. आणि मशीन परत गनीभाईच्या काट्यावर. गनीभाई दोस्तीला जागणारा माणूस, पण काटा त्यानं तेलपाणी करून ठेवला होता.

गीताबाईच्या अबोल्याचं कारण कोंबड्या नव्हे, म्हैस होती. गोदामामागच्या भिंतीला लागून तिची मैना म्हैस वर्षानुवर्षं बांधलेली असे. शिमग्याच्या आधी गहिनीनाथराव जागा पाहायला आले, मागं एक चक्कर मारली आणि नाकाला रुमाल लावला. “भीमराज, नाशिकची मंडळी येणार, आणि इथं म्हैस? शोभत नाही.” झालं! भीमराजनं त्याच दिवशी मैनेला पार बांधाकडच्या बाभळीखाली नेऊन बांधलं. 

“मुकं जनावर त्ये,” गीताबाई कडाडली होती. “जागा बदलली की दूध चोरतंय. पर तुला त्या बाटल्यांपुढं आई दिसंना, म्हैस काय दिसायची!” त्यानंतर तिचं सगळं बोलणं जयमालामार्फत.

शिमगा झाला, हवा कोरडी ठाक पडली आणि मशीन बिघडलं.

शनिवारी भीमराज कंबर कसून कामाला लागला. रोग काय आहे ते त्याला कळलं होतं. नायलॉनचा शर्ट अंगातून काढताना चटचट आवाज येतो ना, तीच ही वीज. घासली की साठते आणि वाट मिळेल तिथं उडी मारते. मशीनच्या आत एक नाजूक कार्ड होतं, सगळा हुकूम त्याचा. त्याला ठिणगीचा झटका बसला की त्याला वाटायचं गोळा आला, झाडा पिना!

“पण ही घासाघास येते कुठून?” जयमालानं विचारलं.

भीमराजनं खाली बघितलं. गनीभाईनं एका मंगल कार्यालयातून लालभडक सिंथेटिक गालिचा आणून अंथरला होता. परदेशी बूट निघाले सगळे राक्षसाच्या मापाचे, गहिनीनाथरावांचे तर दोन्ही पाय एकाच बुटात मावले असते. शिवाय लोक सवयीनं पायताण दारातच काढायचे, जसं काही आत जेवणाची पंगतच बसलीय. म्हणजे सगळे खेळणार नायलॉनचे मोजे घालून, सिंथेटिक गालिच्यावर पाय घाशीत.

“आयला, आपुन तर वीज तयार करायचा कारखानाच काढलाय!” भीमराजनं कपाळावर हात मारून घेतला.

गालिचा गुंडाळला. मोजे बंद, सगळ्यांनी अनवाणी खेळायचं असं ठरलं. ठिणग्या कमी झाल्या, पण मशीन काही सुधारेना. आतले रबरी पट्टे फिरताना घासायचे, आणि वीज मशीनच्या अंगातच साठायची.

“ती जमिनीत जायला पाहिजे ना?” जयमाला म्हणाली. “अर्थिंग बघा एकदा.”

भीमराजनं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिनं त्याच्या बापाचं नाव विचारलं असावं. त्याला सुपारीचंही व्यसन नव्हतं, पण अर्थिंगचा माज होता. कुणाच्या लग्नात भेटला तरी हा मांडवाच्या लाइटीला अर्थिंग आहे का विचारायचा. खड्ड्यात मीठ घाला, कोळसा घाला, उन्हाळ्यात बादलीनं पाणी ओता, नाहीतर जमीन सुकते आणि अर्थिंग मरतं, हे सगळ्या पंचक्रोशीला त्यानं तोंडपाठ करायला लावलं होतं. स्वतःच्या खड्ड्यात मात्र त्यानं कधी तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं. गेला अख्खा उन्हाळा पाण्याविना गेला, तरी अर्थिंग तपासायचा त्याचा दिवा लख्ख पेटायचा. “माझ्या हाताचं अर्थिंग हाय,” तो छाती काढून सांगायचा, “पानी मागत न्हाई!”

“जयमाला, सूर्य उगवला का, हे कुनी वर चढून बघतंय का?”

“गेल्या उन्हाळ्यात तर असं होत नव्हतं, म्हणून म्हटलं.”

“गेल्या उन्हाळ्यात हवेत दमटपना हुता. हवा ओली करू, बास!”

झालं, हवा ओली करायचं ठरलं. गनीभाईनं गोणपाटं आणली. ती भिजवून खिडक्यांना, आढ्याला, जिथं खिळा सापडेल तिथं लटकवली. थोड्याच वेळात गोदामात धोबीघाटाची कळा आली. मशीन खरंच शांत झालं. एक गोळा, दोन गोळे, कसं शहाण्यासारखं चाललं होतं! गनीभाईला हुरूप आला.

“हट, मी टाकतो आता!” लुंगी खोचून, मोठा गोळा छातीशी धरून तो धावत सुटला.

गोणपाटांचं पाणी लाकडी पट्टीवर ठिबकत होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गनीभाईचा पाय सटकला. गोळा जागेवरच राहिला आणि गनीभाई गेला. बसल्या बैठकीत, लुंगी सावरत, सरळ रेषेत, पट्टीच्या टोकापर्यंत. धडाड् करून दहाही पिना आडव्या झाल्या. आणि मशीननं आपलं काम चोख केलं. फळी खाली उतरली आणि पिनांबरोबर गनीभाईलाही झाडू लागली.

“या अल्ला! भीमा, मला झाडतंय रे ह्ये! बंद कर, बंद कर!”

जयमालानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. गनीभाई बाहेर आला तो कंबर धरून.

“भीमा,” तो कण्हत म्हणाला, “दोस्ती अपनी जगह. पर ह्या मशीनला मी माझ्या हातानं काट्यावर घालनार.”

गोणपाटं उतरली. पट्टी पुसून कोरडी केली, आणि पट्टीबरोबर हवाही कोरडी झाली. आई दुरूनच बघून गेली. आज तिनं जयमालाकडंही निरोप दिला नाही, त्याचंच भीमराजला जास्त वाईट वाटलं. कोंबड्या आल्या तर येऊ देत, पण पोरगं हरलं हे आईनं मनातल्या मनात मान्य करून टाकावं, हे त्याला सोसेना.

रविवार उजाडला. नाशिकची मंडळी गाडीतून उतरली. त्यांची कप्तान भारती मॅडम, बॉबकट, हातात स्वतःचा निळा गोळा, त्याला स्वतंत्र पिशवी. अनवाणी खेळायचं म्हटल्यावर तिनं एकदा भुवई उंचावली, मग हसून बूट काढले. जयमालानं पाहुण्यांसाठी मोठं पातेलंभर मठ्ठा घुसळून ठेवला होता, जिरं-मीठ घालून. गहिनीनाथरावांनी सकाळपासून तीनदा केसांना तेल लावलं होतं.

पहिले काही डाव बरे गेले. भीमराजचा जीव जरा भांड्यात पडू लागला. तेवढ्यात भारती मॅडमनं गोळा उचलला, नेम धरला, आणि समोरच्या पिना खळ्ळकन गायब झाल्या.

“हे तुमच्याकडं नियमात आहे का?” तिनं शांतपणे विचारलं.

“न्हाई मॅडम, त्ये... मशीन पाहुन्यांना सलामी देतंय.”

पुढच्या डावात मशीननं सलामीवर सलामी दिली. बोर्डावर नाशिकच्या नावावर कारखान्याचे गुण चढले. कारखान्याच्या एका इंजिनियरनं दांडीला हात लावला आणि अशी काही शिवी हासडली, की नाशिककर एकमेकांकडं बघायला लागले. गहिनीनाथरावांनी भीमराजला कोपऱ्यात ओढलं. “माझी अब्रू घालवलीस रे! पुढच्या डावात असं झालं तर मी सामना थांबवतो.”

भीमराज स्क्रू ड्रायव्हर घेऊन मशीनच्या मागं शिरला. जिथं हात लावावा तिथं चट्. बोटं झिणझिणत होती, घाम डोळ्यांत उतरत होता. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बन्सीमामाचा आवाज त्यानं ओळखला. मामा सोमवारपर्यंत कशाला थांबतोय! कोंबड्यांचे रिकामे पिंजरे टेम्पोत भरून तो आजच हजर झाला होता.

“आक्का, कुठं उतरवू?”

“उतरव त्या बाभळीखाली,” गीताबाईचा आवाज आला.

“तितं म्हैस हाय.”

“थांब, तिला हलवते. तिच्या पयल्या जाग्यावर बांधते. आता कुनाला शोभायचं ऱ्हायलंय?”

पत्र्यापलीकडं खुरांचा आवाज आला, साखळी खळखळली. आत्ता, ह्या घडीला, पाहुणे असताना, म्हैस! पण उठून जाणार कसा? मशीन पुन्हा थरथरायला लागलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि झटक्याची वाट बघत चौकटीवर हात ठेवला.

पत्र्यापलीकडं धो धो आवाज सुरू झाला. कुठला तरी नळ फुटला असं त्याला वाटलं. आवाज चांगला दमदार होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता.

झटका बसला नाही.

त्यानं डोळे उघडले. दुसरा हात लावला. काही नाही. बोटानं टिचकी मारली, काही नाही. पलीकडून गोळा गडगडत आला, पिना पडल्या, फळी उतरली, पडलेल्या तेवढ्याच गेल्या, उभ्या होत्या त्या उभ्या राहिल्या. समोर टाळ्या वाजल्या. भीमराज मागच्या दारानं बाहेर धावला.

मैना आपल्या जुन्या जागी उभी होती. भिंतीच्या कडेला जमिनीतून हातभर वर आलेल्या पाइपाला तिची साखळी अडकवलेली होती. तो पाइप अर्थिंगचा. खड्ड्याच्या भोवतीची माती सुकून तडकली होती, आणि मैनेकडून नुकतंच मिळालेलं ते खारट पाणी घटाघटा पीत होती. गेल्या वर्षभर ज्याच्या जिवावर भीमराजनं गावभर छाती काढली होती, ते अर्थिंग त्याच्यासमोर शांतपणे रवंथ करत उभं होतं.

“अगं माझे आई!” भीमराज तिथंच उकिडवा बसला. हे तो म्हशीला म्हणाला का शेजारी उभ्या गीताबाईला, हे त्यालाही कळलं नाही.

“तुझ्या नवऱ्याला काय झालं बघ गं,” गीताबाईनं आतल्या सुनेला हाक मारली.

जयमाला धावत आली, खड्डा बघितला, म्हैस बघितली, नवरा बघितला. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही पदरात मावेना. तेवढ्यात आतून पुन्हा एकदा खट् असा ओळखीचा, अशुभ आवाज आला. तहानलेल्या मातीनं सगळं केव्हाच पिऊन टाकलं होतं.

“पानी! पानी आन!” भीमराज ओरडला, आणि वाट न बघता मागच्या ओट्यावरचं पातेलं त्यानं उचललं. “ह्यात मीठ हाय का?”

“आहे की, जिरंही आहे. अहो, थांबा! तो पाहुण्यांचा मठ्ठा...”

“पाहुन्यांसाठीच वततोय!”

अख्खं पातेलं खड्ड्यात गेलं. मैनेनं जिरं लागलेल्या मिशीवरून जीभ फिरवली. जरा तिच्यापर्यंतही उडालं होतं.

त्यानंतर मशीन असं चाललं, की दृष्ट काढावी. शेवटच्या गोळ्यावर सामना आला. गहिनीनाथराव अनवाणी पुढं झाले. पोझ घेतली. तेल चोपडलेल्या डोक्यावरचा एकही केस हलला नाही. त्यांनी आधी डोळे बारीक करून खात्री केली, की पिना जागेवर आहेत. ह्या वेळी त्या होत्या. गोळा सुटला, गडगडला, आणि धडाड्! दहापैकी दहा, आणि ह्या वेळी खरेखुरे! कारखान्यानं सामना मारला. गनीभाई कंबरेचं दुखणं विसरून नाचला आणि मग परत आठवून खाली बसला. बन्सीमामा पिंजरा हातात घेऊन दारात तसाच उभा होता.

भारती मॅडमनं रावांशी हात मिळवला आणि ती सरळ भीमराजकडं आली. “आमच्याकडं कोरड्या दिवसांत रोज हाच वैताग आहे. मशीन मध्येच झाडायला लागतं, बोर्ड वेड्यासारखा वागतो. तुम्ही ते चालू सामन्यात बरं केलंत! दरवर्षी इथंच येऊ आम्ही. पण आधी सांगा, तुमचं अर्थिंग कुणी केलंय?”

सगळा हॉल भीमराजकडं बघायला लागला. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो प्रश्न, तोही नाशिकच्या माणसानं, चारचौघांत विचारलेला! त्याची छाती आपोआप फुगली. तोंड उघडलं. मागच्या दारात गीताबाई उभी होती, हातात दुधाची चरवी. छाती हळूहळू खाली आली.

“आईनं,” तो म्हणाला. “माझ्या आईनं आन तिच्या म्हशीनं. मी निस्ता पाइप रोवला.”

मग त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. हसून हसून गहिनीनाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मठ्ठा कुठं गेला हे कळल्यावर जरा कमी हसले. गीताबाई मात्र हसली नाही. ती सरळ लेकासमोर येऊन उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलली.

“भीमा, मैना तितं ऱ्हाईल. पर फुकाट न्हाई. डोक्यावर छप्पर पायजेल. दुपारचं ऊन लागतं तिला.”

“घालतो आई. बन्सीमामाच्या पिंजऱ्यांचे पत्रे हायतच.”

“माझे पत्रे?” बन्सीमामा दारातून ओरडला.

“आन हितला पंखा पायजेल तिला.”

“आई, पंखा? मग खेळनाऱ्यांनी काय करायचं?”

“त्यांनी घाम गाळावा. हवा वली व्हती म्हन की त्यानं.”

गनीभाईनं न सांगताच स्टूल आणलं आणि पंखा उतरवायला लागला. भारती मॅडम मागच्या बाजूला जाऊन मैनेकडं बराच वेळ निरखून बघत राहिली. परत आली तेव्हा तिचा चेहरा गंभीर होता.

“मावशी, आमच्या क्लबाला असं अर्थिंग मिळेल का?”

गीताबाईनं चरवी खाली ठेवली आणि पदरानं हात पुसले.

“मैना गाभन हाय, बाई. वैशाखात व्यायची. वगार झाली तर धाडते नाशकाला.” मग तिनं लेकाकडं बघितलं. “पर तिला बांधायच्या आधी जागा इचारा. भलत्या ठिकानी हलवायची न्हाई!”